आधी सापाचं डोकं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेकीने लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला चांदीचं लॉकेट ऑनलाइन मागवून दिलं. गाठीगाठींत गुंतलेला साप, मधोमध हिरवा खडा. सोबतच्या कार्डावर लिहिलंय: ‘पाच हजार वर्षांपूर्वीच्या ड्रुइड ऋषींचा पवित्र केल्टिक सर्प. पुनर्जन्म, आरोग्य आणि कुंडलिनी जागृती.’ सासूबाईंचं म्हणणं, नाग महादेवाच्या गळ्यात शोभतो, आपल्या नाही. विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: कार्डावरचं किती खरं, लॉकेट घालावं की नाही, आणि खाचांत काळं दिसतंय ते घासून काढावं का. सोबत त्यांनी दोन फोटो पाठवलेत, एक पुढचा आणि एक मागचा. मागचा फोटो फार थोडी माणसं पाठवतात, म्हणून आधी त्याबद्दल आभार.

ताई, मी मूळचा हुपरीचा. घरी पैंजणांचं काम, त्यामुळे चालायला शिकलो तेव्हापासून पायाखाली चांदीचा कीस. गेली एकवीस वर्षं स्कॉटलंडमध्ये बाकड्यावर बसतोय आणि त्यातली निम्मी तरी केल्टिक गाठी बनवण्यात गेली आहेत. (उच्चार ‘केल्टिक’ असाच. ‘सेल्टिक’ हा ग्लासगोतला फुटबॉल क्लब, तसं म्हटलंत तर तिथे लोक तुम्हाला सामन्याचा स्कोअर विचारतील.) साप तर किती बनवले याची मोजदाद नाही. गिऱ्हाईक अर्थ विचारतं आणि मी दरवेळी तेच सांगतो: आधी सापाचं डोकं बघा. अंगाच्या वेटोळ्यांवर जाऊ नका, वेटोळी सगळ्यांची सारखीच. डोकं, डोळा आणि शेपटी यांवरून तो कुठल्या गावचा ते कळतं, आणि गाव कळल्याशिवाय अर्थ सांगता येत नाही.

तुमच्या कार्डावर चार देश आणि तीन-चार हजार वर्षं एकाच मुशीत वितळवली आहेत. ती जमेल तितकी वेगळी करू. त्याआधी एवढंच: केल्ट म्हणजे ब्रिटन-आयर्लंडपर्यंत पसरलेल्या युरोपातल्या जुन्या जमाती, आणि ड्रुइड म्हणजे त्यांचे पुरोहित.

पाच हजार वर्षांचा आकडा येतो आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजवरून. बॉइन नदीकाठची ही दगडी समाधी इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमाराची, आणि तिच्या दारातल्या शिळेवर मोठमोठे सर्पिल कोरलेत. पण तिथे साप नाही. डोकं नाही, डोळा नाही, नुसती गोल फिरत जाणारी रेघ. शिवाय ती कोरणारे लोक केल्ट नव्हते. केल्ट हे नाव ग्रीक लिखाणात दिसू लागतं तेच मुळी इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकात, आणि ड्रुइडांची नीट माहिती देणारा ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. तोच सांगतो की ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत, सगळं पाठांतर. म्हणजे ड्रुइडांच्या हातचा सापाबद्दलचा एक शब्दही आपल्यापाशी नाही. तरीही दुकानात त्यांचा अर्थ छापील मिळतो.

आता खऱ्या सापांकडे. केल्टिक म्हणता येईल असा सर्वांत विलक्षण साप डेन्मार्कमध्ये सापडला. २८ मे १८९१ रोजी, गुंडेस्ट्रप गावाजवळच्या दलदलीत पीट, म्हणजे जळणाची माती, कापणाऱ्या मजुरांना चांदीची एक कढई मिळाली. व्यास ६९ सेंटिमीटर, उंची ४२, वजन जवळपास ९ किलो. पत्रे सुटे करून तळाच्या वाटीत रचून ठेवलेले होते, म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम ठेवली असणार. आतल्या एका पत्र्यावर शिंगं असलेला पुरुष मांडी घालून बसलाय. उजव्या हातात टॉर्क, म्हणजे केल्टांची गळ्यातली जाड पिळाची हासळी. डाव्या हातात साप, मानेखाली घट्ट धरलेला. आणि त्या सापाच्या डोक्यावर मेंढ्याची शिंगं आहेत.

हे एक चिन्ह लक्षात ठेवा. मेंढ्याच्या शिंगांचा साप दुसऱ्या कुठल्या लोकांकडे असा वारंवार दिसत नाही. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, एतां-सुर-आरू इथे मिळालेल्या ब्राँझच्या मूर्तीत देवाच्या कमरेभोवती असे दोन साप आहेत. इंग्लंडमध्ये सायरेनसेस्टरच्या शिल्पात तर शिंगवाल्या देवाचे पायच दोन शिंगवाले साप झालेत आणि ते दोन्ही बाजूंनी फणा काढल्यासारखे वर येतात. या देवाचं नाव केर्नुनोस. ते नाव पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली १७१० साली निघालेल्या, सम्राट टायबेरियसच्या काळातल्या खांबावर कोरलेलं आहे. देवाच्या आसपास कधी नाणी, कधी टॉर्क, कधी धान्य. म्हणून अभ्यासक या सापाला समृद्धीशी, जमिनीखालच्या धनाशी जोडतात. आपल्याकडे धनावर बसलेला नाग असतो, तेव्हा आपल्याला हे ऐकून नवल वाटत नाही. पण सारखं दिसलं म्हणून एक झालं, असं कारागिराने तरी म्हणू नये. दोन गावच्या सोनारांनी एकमेकांना न बघता सारखीच वाटी घडवलेली मी पाहिली आहे. वाटीचं काम तेच असतं, म्हणून आकार तोच येतो.

कुंडलिनीचा धागाही याच कढईवरून आला असणार. मांडी घातलेला शिंगवाला पुरुष, भोवती जनावरं, हातात साप: मोहेंजोदडोच्या ‘पशुपती’ मुद्रेची आठवण येतेच. दोन्हींमध्ये दोन हजार वर्षांच्या आसपासचं अंतर आहे, आणि मधल्या वाटेवर पूल म्हणता येईल असं काही नाही. कढईवर हत्ती आहेत, ठोकायची पद्धत थ्रेसकडची, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रोमेनियाच्या बाजूची वाटते, त्यामुळे पूर्वेचा वारा लागलेला असू शकतो. पण पाठीच्या कण्यातून वर चढणारी शक्ती आणि केल्ट यांचा एकही दुवा नाही. तो विसाव्या शतकात जोडला गेला, आणि जोडणाऱ्यांना योगाचं आकर्षण होतं एवढंच. तुमच्या कार्डावरचा हा शब्द खोडून टाका.

आरोग्याच्या बाबतीत मात्र कार्ड अगदीच खोटं नाही. जर्मनीतल्या होखशाइडच्या झऱ्यावर सिरोना देवीचं देऊळ होतं. तिची मूर्ती ट्रिअरच्या संग्रहालयात आहे. उजव्या हाताला साप गुंडाळलेला आणि दुसऱ्या हातात वाटी, वाटीत तीन अंडी. साप मान लांब करून अंड्यांकडे बघतोय. लोक त्या झऱ्यावर दुखणी बरी करायला जात. मूर्तीवर ग्रीकांच्या हायजिया या आरोग्यदेवीची छाया स्पष्ट आहे, पण देवी स्थानिक, झरा स्थानिक आणि साप तिच्या हातात निवांत. कुणी मला ‘आरोग्याचा केल्टिक साप बनवून दे’ म्हटलं तर मी सिरोनाचा दाखला काढतो. मग हातातलं कडं बनतं, लॉकेट नाही, कारण तो साप मनगटावरचाच.

ड्रुइड आणि साप यांची जोडी मुळात एका अंड्यामुळे जमली. थोरला प्लिनी हा रोमन लेखक पहिल्या शतकातला. तो सांगतो की उन्हाळ्यात पुष्कळ साप एकत्र गुंततात, त्यांच्या लाळेतून आणि घामातून एक गोळा तयार होतो आणि फुत्कारांनी तो हवेत उडतो. जमिनीला टेकण्याआधी तो कांबळ्यात झेलायचा आणि घोड्यावर बसून पळ काढायचा, कारण साप मागे लागतात आणि मध्ये नदी आली तरच थांबतात. खरा असेल तर सोन्यात मढवला तरी प्रवाहाविरुद्ध तरंगतो. प्लिनीने असा एक गोळा स्वतः पाहिला होता, मध्यम सफरचंदाएवढा. खटला जिंकायला आणि राजदरबारी प्रवेश मिळवायला ड्रुइड तो वापरतात, असं तो लिहितो. पुढचा तपशील त्याहून मजेदार: व्होकॉन्ती जमातीतला एक रोमन सरदार कोर्टात खटल्याच्या वेळी हे अंडं छातीशी बाळगून होता, म्हणून सम्राट क्लॉडियसने त्याला ठार केलं. ताईत बाळगल्याबद्दल मृत्युदंड झाल्याची ही नोंद मी प्रत्येक ‘यश देणारं लॉकेट’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो. काही जण तरीही घेतात.

हे अंडं नंतर काचेच्या मण्यांत उतरलं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ल्हुइड वेल्स, कॉर्नवॉल आणि स्कॉटलंड फिरले, तेव्हा तिथले लोक असे मणी ‘सापाचे’ म्हणून जपत होते. सापांनी फुंकून बनवलेले, आजारावर गुणकारी. प्रत्यक्षात ते लोहयुगातले काचमणी, कधी चक्क जुन्या चातीच्या दगडी चकत्या. नांगरताना वर यायचे, बनवणारा कोण ते कुणाला ठाऊक नसायचं, मग साप. आपल्याकडच्या नागमण्याच्या गोष्टीही जिथे माल सापडतो आणि कारागीर विसरला जातो तिथेच पिकतात.

सापाच्या आकाराचा खराखुरा केल्टिक दागिना म्हणाल तर स्कॉटलंडच्या मोरे किनाऱ्यावर, कल्बिनच्या वाळूत मिळालेलं ब्राँझचं दंडकडं. वाकीसारखं वेढे घेत जाणारं, दोन्ही टोकांना सापाची डोकी. एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काचेला नाक लावून उभा होतो. ओतकाम इतकं स्वच्छ की आजही तसं करायला घाम फुटेल. त्याचा अर्थ? घालणाऱ्याचा दंड मोठा होता आणि तो ऐपतदार होता, एवढं कड्यावरून नक्की सांगता येतं.

पिक्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे जुने रहिवासी, यांचा साप त्याहून अबोल आहे. ईशान्य स्कॉटलंडमधल्या, इन्व्हर्युरीजवळच्या ब्रँड्सबटसारख्या ठिकाणच्या शिळांवर एक जाडसर साप कोरलेला असतो आणि त्याला आडवी छेदणारी, इंग्रजी झेडसारखी मोडलेली काठी. अर्थ आजवर कुणीही उलगडलेला नाही. या नक्षीचं लॉकेट ‘शत्रूवर विजय’ म्हणून विकलं जातं. नक्षी सुंदर आहे, घ्या. कार्ड दुकानातच ठेवा.

आता तुमच्या लॉकेटकडे येतो. फोटो मोठा करून पाहिला. शिंगं नाहीत, काठी नाही. डोकं बाजूने दिसतंय, डोळा बदामी आणि चेहऱ्याच्या मानाने फार मोठा, डोळ्याचं टोक पुढे आलेलं. अंग एका ठिकाणी जाड, मग बारीक, पुन्हा जाड. मधून सुतासारखी पातळ दुसरी रेघ निघून आठच्या आकड्यासारखी फिरते. ताई, ही शैली नॉर्वेतली आहे. उर्नेस या गावच्या लाकडी चर्चच्या दाराभोवती अकराव्या शतकातलं असं कोरीवकाम आहे, म्हणून तिला उर्नेस शैलीच म्हणतात. व्हायकिंग ती घेऊन आयर्लंडला गेले आणि तिथल्या सोनारांनी ती अशी काही आत्मसात केली की नॉर्वेपेक्षा तीच जास्त लोकांना आठवते.

तिचा कळस म्हणजे काँगचा क्रूस. ११२३ साली कॉनॉटचा राजा तुर्लो ओकॉनर याने येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा जपण्यासाठी तो घडवून घेतला. आत ओकचं लाकूड, वर ब्राँझचे पत्रे, सोन्याचं तारकाम, मध्यभागी स्फटिक, ज्याच्या आडून तो तुकडा दिसावा. उंची सुमारे ७६ सेंटिमीटर. आणि सगळ्या अंगावर जनावरं आणि साप, एकमेकांत असे गुंतलेले की एका शेपटीवर बोट ठेवून डोकं शोधायला घेतलं तर पाच मिनिटं जातात. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी त्या पाच मिनिटांसाठी तीनदा गेलोय. खालच्या टोकाला एका प्राण्याचं डोकं जबड्यात सगळा क्रूस धरून आहे.

म्हणजे बघा: ज्याला जग आयरिश केल्टिक साप म्हणून ओळखतं तो व्हायकिंग वळणाचा आहे, ख्रिस्ती क्रूसावर बसलाय, आणि ज्या बेटावर बसलाय तिथे साप नाहीतच. आयर्लंडमध्ये एकही मूळचा साप नाही. हिमयुगानंतर समुद्र चढला आणि ते पोहोचायच्या आधीच वाट बुडाली. ब्रिटनमध्ये तीन जाती आहेत, त्यातला विषारी फक्त अ‍ॅडर. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकने तिथले साप समुद्रात हाकलले ही गोष्ट सर्वांनी ऐकलेली असते, पण पॅट्रिकच्या स्वतःच्या लिखाणात सापाचा उल्लेख नाही, आणि आयर्लंडमध्ये साप नाहीत हे तिसऱ्या शतकातला सोलिनस त्याच्या आधीच लिहून गेला होता. ‘साप म्हणजे ड्रुइड, पॅट्रिकने त्यांना हाकललं’ हा अर्थ तर अगदी अलीकडचा. तो मानणारे काही जण पॅट्रिकच्या सणाला, १७ मार्चला, मुद्दाम सापाची पिन लावतात. त्या आठवड्यात माझा धंदा बरा होतो, हे कबूल करतो.

मग जिथे साप नाहीत तिथल्या कारागिराने साप इतका का काढावा? याचं उत्तर पुस्तकापेक्षा बाकड्यावर लवकर मिळतं. केल्टिक गाठीचा नियम सोपा आहे: रेघ एकदा वरून, एकदा खालून, पुन्हा वरून, आणि कुठेही सुटं टोक नाही. १९५१ साली जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकला शिक्षकाने ही रचना ठिपक्यांच्या जाळीवर कशी बसवायची ते पुस्तकात उलगडून दाखवलं. मी ते पहिल्यांदा चाळलं तेव्हा हसू आलं. आई उंबऱ्याबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढायची तेच. माझ्या हाताला शिकायला काही वेळच लागला नाही. गोफ ओवणाऱ्या घरातला माणूस, वर-खालचा हिशोब बोटांत असतो. पण गाठ बंद असली की नजर तिच्यात गोलगोल फिरत राहते, तिला कुठे थांबावं कळत नाही. तिलाच डोकं आणि शेपटी दिली की रेघेला सुरुवात आणि शेवट मिळतो, बघणारा शोधाशोध करू लागतो. सापाइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. नुसतीच रेघ, तिला दोन ठिपके दिले की जिवंत.

तरी तिथे अर्थ अजिबात नव्हता असं म्हणणार नाही. इसवी सन ८००च्या आसपासच्या, केल्सच्या हस्तलिखित शुभवर्तमानात जागोजागी साप आहेत. साप कात टाकून नवा होतो, म्हणून येशूच्या पुनरुत्थानाची खूण, हा अर्थ त्या काळच्या ख्रिस्ती लिखाणातून येतो. स्कॉटलंडच्या आयोना बेटावरचा संत मार्टिनचा क्रूस पाहा: दगडातून फुगीर गोळे वर आलेत आणि प्रत्येक गोळ्यातून साप निघून शेजारच्या गोळ्याकडे जातो. समुद्राचे खारे वारे खात तो बाराशे वर्षं जागेवर उभा आहे. तुमच्या कार्डावरचा ‘पुनर्जन्म’ म्हणजे मुळात हे पुनरुत्थान. आपला पुनर्जन्म वेगळा, त्यांचं पुनरुत्थान वेगळं. भाषांतर करणाऱ्याने एकाच शब्दात उरकलंय.

याच बेटावर अलेक्झांडर आणि युफेमिया रिची या नवरा-बायकोने १८९९ पासून दगडांवरच्या नक्षी चांदीत उतरवून यात्रेकरूंना विकायला सुरुवात केली. दोघेही १९४१ साली वारले. त्यांच्या हातचा तुकडा कधी पाहायला मिळाला तर सोडू नका. आज ज्याला आपण ‘केल्टिक आध्यात्मिक दागिना’ म्हणतो त्याची मुळं बरीचशी अशा दुकानांत आहेत, प्राचीन वनांत नाहीत. नाव ठेवायचा उद्योग तर त्याहून जुना. १८५० साली बेटीस्टाउनच्या किनाऱ्यावर आठव्या शतकातली एक अप्रतिम पिन मिळाली. ती डब्लिनच्या वॉटरहाउस या जवाहिऱ्याने घेतली, प्रतिकृती बनवायला काढल्या आणि नाव ठेवलं ‘तारा ब्रोच’, कारण तारा ही आयर्लंडच्या राजांची टेकडी. पिनेचा त्या टेकडीशी काडीचा संबंध नव्हता. प्रतिकृती खपल्या, नाव कायमचं चिकटलं. आम्हा दुकानदारांची जात पहिल्यापासून अशीच.

ड्रुइडांच्या सापालाही असाच एक प्रचारक मिळाला. विल्यम स्टकली हा पाद्री आणि पुराणवस्तूंचा अभ्यासक. १७४३ साली त्याने इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या दगडी वर्तुळांवर पुस्तक छापलं आणि त्यात दोन्ही बाजूंच्या दगडी वाटा मिळून एक प्रचंड साप होतो, तो वर्तुळातून आरपार जातो, असा नकाशा काढला. मोजमापं त्याने मन लावून घेतली होती, आणि पुढे नष्ट झालेल्या कित्येक दगडांची नोंद आज त्याच्यामुळेच आहे. साप मात्र त्याच्या डोळ्यातला. एव्हबरी ड्रुइडांच्या दोन हजार वर्षं आधीचं आहे. तरी ‘ड्रुइड म्हणजे सर्पपूजक’ हे समीकरण तिथून जे सुटलं ते तुमच्या कार्डापर्यंत पोहोचलं.

राहिला हिरवा खडा. प्रिन्स अल्बर्टने व्हिक्टोरिया राणीला वाङ्निश्चयाची अंगठी दिली ती सापाची होती, पाचू जडवलेली. वेटोळं म्हणजे न संपणारं प्रेम. त्यानंतर अर्धं इंग्लंड सापाच्या अंगठ्या घालू लागलं. तेव्हा तुमच्या लॉकेटचा जमाखर्च असा: डोकं व्हायकिंगांचं, गाठ बेनच्या पुस्तकातली, खडा व्हिक्टोरियाचा, कार्ड स्टकलीचं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यातलं खड्याचं म्हणणं तेवढं अगदी चपखल बसतं. लेकीला ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

मागच्या फोटोवरून कामाबद्दल थोडं. पाठ सपाट आणि किंचित आत दबलेली, खाचांच्या कडा गोलसर, म्हणजे रबरी साच्यातून मेण काढून केलेलं ओतकाम. यात कमीपणा नाही, मीही तेच करतो. पण ‘हातघडणीचं’ म्हणून पैसे घेतले असतील तर चुकीचे घेतले. ९२५चा आकडा दिसतोय, त्याच्या शेजारी दुसरं काही नाही. ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमपेक्षा जड चांदीच्या वस्तूवर परख कार्यालयाचा ठसा कायद्याने लागतो: एडिनबरोचा किल्ला, लंडनचं बिबट्याचं डोकं, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचं गुलाबाचं फूल. नुसता ९२५ हा बनवणाऱ्याने स्वतःच मारलेला असू शकतो. लॉकेट साखळीशिवाय वजनकाट्यावर ठेवा. आठ-दहा ग्रॅम भरलं आणि विकणारा ब्रिटनचा म्हणवत असेल, तर त्याला ठसा कुठे म्हणून विचारायचा तुम्हाला हक्क आहे. शंका असेल तर गावातल्या ओळखीच्या सराफाकडे पाच मिनिटांत कस लागतो.

घालावं का? सासूबाईंशी वाद घालायला मी जाणार नाही, आणि तुम्हीही या लेखाचा आधार घेऊन जाऊ नका. त्या बोलतायत ते आपल्या नागाबद्दल, आणि त्यांच्या जागी त्या बरोबर आहेत. आमच्याकडे नागपंचमीला आजोबा भट्टी पेटवत नसत, कात्री-छिनीला हात लावत नसत, आजी तवा चढवत नसे. हे इथे सांगितलं की स्कॉटिश शेजारी चकित होतात, मग मी त्यांनाच त्यांचं गाणं ऐकवतो. अलेक्झांडर कार्माइकल या गृहस्थांनी हायलँड्समध्ये फिरून गोळा केलेली गेलिक कवनं १९०० साली छापली. त्यात फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या ब्रीद नावाच्या संतिणीच्या सणाचं एक आहे. भाव असा: आज सापीण बिळातून बाहेर येईल, मी तिच्या वाटेला जाणार नाही, ती माझ्या वाटेला येणार नाही. थंडीची झोप संपवून अ‍ॅडर बाहेर पडायचे दिवस साधारण त्यानंतरचेच. सासूबाईंना ही एवढी गोष्ट सांगून बघा, कार्ड दाखवू नका. त्या नको म्हणाल्या तर घरच्या सणावाराला काढून ठेवा आणि एरवी घाला. याला फणा नाही, दहाचा आकडा नाही. आपल्या नागाशी याचं नातं लावायचं काही कारण नाही.

काळ्या रंगाचं राहिलं. खाचांतलं काळं घासू नका, तो मळ नाही. चांदी गंधकाच्या पाण्यात बुडवून मुद्दाम काळी करतात आणि मग वरचे उंचवटे घासून पांढरे काढतात, म्हणून रेघ वरून गेली की खालून ते नजरेला कळतं. चांदी उजळायच्या द्रावणात एकदा बुडवलंत की मिनिटभरात सगळं पांढरं होईल आणि सापाचा नुसता गुंता उरेल. चिंच, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काहीच नको. रिठ्याचं कोमट पाणी घ्या, लहान मुलाचा मऊ ब्रश, वरच्यावर फिरवा आणि जुन्या सुती पातळाच्या तुकड्याने टिपून घ्या. खड्याच्या मागे कोंदण बंद असेल तर पाणी आत राहतं, तेव्हा पालथं घालून रात्रभर वाळू द्या. आणि डोळ्याची खाच फार बारीक आहे, तिथे फेस अडकतो. दातकोरणीच्या टोकाने काढा.